पंपाचा कौल

अच्युतरावांनी पुन्हा चावी फिरवली आणि या वेळी घाईघाईनं गाडीच्या मागं येऊन पंपावर हात ठेवला. पंप गप्प होता.

त्यांनी वायर सोडवली. टोक घासून चकचकीत केलं, नव्यानं डाख दिला, अर्थची तार चॅसिसला करकचून आवळली. परत पुढं गेले, चावी फिरवली, मागं येऊन हात ठेवला. गप्प.

दोन सीटांची ती जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी ठाकूरद्वारच्या वाडीतल्या शेडमध्ये उभी असे. इंजिनला पेट्रोल पोचवणारा तिचा मूळ पंप कामातून गेला, म्हणून अच्युतरावांनी विजेवर चालणारा नवा पंप आणून मागच्या टाकीशेजारी बसवला होता. चालू झाला की टकटकतो, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं होतं. अच्युतरावांना कानानं बेताचंच ऐकू येई, तेव्हा टकटक ऐकायची ती हातानंच. खरं तर हे दोघांचं काम. एरवी असलं काही असलं की चावी फिरवायला पुढं सीटवर नलू बसायची.

नलू त्यांची एकुलती एक मुलगी. आई गेल्यापासून घरात हीच दोघं. ती संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात गेली आणि भायखळ्याच्या तुरुंगात पोचली. अच्युतराव सचिवालयातून निवृत्त झालेले. सरकारविरुद्ध कुणी मोठ्यानं खोकलं तरी त्यांना घाम फुटे. ती जिना उतरत असताना त्यांनी गॅलरीतून ओरडून सांगितलं होतं, "तुरुंगात जायचंय ना? मग परत या घरात यायचं नाही!" अख्ख्या वाडीनं ते ऐकलं आणि त्या दिवसापासून वाडी त्यांच्याशी बोलेनाशी झाली. ते तिला भेटायला गेले नाहीत. तिचंही पत्र आलं नाही. पोरगी कायमची तुटली, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकट्यापुरता चहा करायला मात्र ते अजून शिकले नव्हते. रोज अर्धा उरायचा.

आज ती सुटणार होती. वरच्या मजल्यावरच्या मालनबाईंनी ही बातमी जिन्यात दुसऱ्याच कुणाला तरी सांगितली होती, पण अशा आवाजात, की अच्युतरावांच्या कानालाही ती चुकू नये.

ट्रामनं गेलं तर भायखळा म्हणजे काही काशी नव्हे. पण तिनं फाटकातच तोंड फिरवलं तर काय करायचं, ही त्यांची भीती होती. स्वतःच्या पायांनी जायची हिंमत होईना. म्हणून देवाला कौल लावतात तसा त्यांनी गाडीला कौल लावला. गाडी सुरू झाली तर जायचं, नाही तर नाही. सत्तरीला टेकलेला माणूस, आणि मुलीला आणायचं की नाही हे एका पंपाला विचारत होता!

पंपानं तर तोंड उघडायचंच नाकारलं. अशा पंपावर स्टार्टर मारून फुकट बॅटरी कशाला उतरवायची? अच्युतराव गाडीच्या पायरीवर बसले. ऊन शेडच्या दारापर्यंत आलं. सुटकेची वेळ होत आली, मग होऊन गेली. त्यांना फार एकटं वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

तेवढ्यात मालनबाई गॅलरीतून वाकल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या त्यांच्याशी बोलत होत्या.

"अहो अच्युतराव! सकाळपासून हे टकटक टकटक काय लावलंय? डोकं उठलं माझं!"

"टकटक?" अच्युतराव उठलेच. "कसली टकटक? कधी?"

"कधी म्हणजे? तुम्ही पुढं काहीतरी करता आणि ते वाजतं. पहिल्यांदा तर तुम्ही पुढंच बसून होतात, तेव्हा चांगलं बराच वेळ वाजलं. नंतर आपलं एकदोनदा, की तुम्ही मागं येईपर्यंत बंद!"

अच्युतरावांनी बॉनेट उघडलं. कार्ब्युरेटरचं झाकण काढलं. आत पेट्रोल काठोकाठ भरलेलं होतं. पंप पहिल्याच चावीला चालू झाला होता, पेट्रोल भरलं तसा आपणहून थांबला होता. काम झालं म्हणून तो गप्प होता, आणि यांनी त्याला मेलेला समजून सकाळ घालवली होती.

स्टार्टर मारताच गाडी धडधडून सुरू झाली. गिरगावातून गेलं तर चारजण हटकतील, नलूचं विचारतील. म्हणून त्यांनी गाडी चौपाटीवर काढली आणि ताडदेवला वळसा घालून, लांबच्या रस्त्यानं भायखळा गाठलं.

तुरुंगाच्या फाटकासमोर कुणी नव्हतं. जमिनीवर हारांच्या पाकळ्या पडल्या होत्या. शिपाई विडी ओढत उभा होता.

"सत्याग्रही बायका सुटल्या का हो?"

"कवाच सुटल्या. माणसं आलेली, मोटारी आलेल्या. समद्या गेल्या."

"एक मुलगी होती. उंच, चष्मा लावणारी. ती कुणाबरोबर गेली?"

"ती व्हय? तिला समद्या गाडीत बस म्हनत व्हत्या, ही काय बसंना. लई वेळ हितंच हुबी व्हती." शिपायानं समोरच्या, गिरगावाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं बोट दाखवलं. "मग म्हनली, आमच्या अप्पांची गाडी सुरू व्हायला वेळ लागतो, निघाले असतील, अर्ध्या वाटेत भेटतील. आन् गेली चालत."