बाराचा फोन

“आजोबांनी आज उपीट खाल्लं,” वनजाक्षीने फोनवर सांगितलं. “वर मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले.”

आजोबांना जाऊन तीन दिवस झाले होते.

वनजाक्षी कर्नाटकातल्या हासनच्या एका इस्पितळात करोनाच्या वॉर्डात नर्स होती. रोज दुपारी बाराला रुग्णांच्या घरच्यांशी बोलायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं, कारण तिची जीभ गोड. गोड जिभेची माणसं अशीच अडकतात. घरच्यांना आत यायची बंदी, त्यामुळे त्यांना आपला माणूस भेटायचा तो हिच्या आवाजातच. त्या महिन्यात तिने एकोणीस घरांना नको ती बातमीही दिली होती, एकदाही न अडखळता. मग एक दिवसाची सुट्टी घेऊन परत आली, तर अकरा नंबरच्या खाटेवर पुट्टस्वामी आजोबांच्या जागी दुसराच माणूस. वहीत त्यांच्या नावापुढे ‘मृत्यू’ लिहिलेलं, पण ‘घरी कळवले’ हा रकाना कोरा. रात्रीचे डॉक्टर स्वतःच तापाने आडवे झालेले, विचारायचं कुणाला? तेवढ्यात बारा वाजले, फोन आला. पलीकडे आजोबांची बायको, केंपम्माआज्जी. “पोरी,” एवढंच ती म्हणाली, आणि हिच्या तोंडून निघून गेलं, “शांत झोपलेत, आज्जी.”

खोटं एकदा जन्माला घातलं की त्याला पोसावं लागतं. दुसऱ्या दिवशी आजोबा उठून बसले. तिसऱ्या दिवशी उपीट.

“तुझ्या हाताला गुण आहे बाई,” वॉर्डच्या मोठ्या सिस्टर फिलोमिना म्हणाल्या. “गेलेला माणूस रोज सुधारतोय. उद्या घरी सोडशील, तेव्हा आणणार कुठून त्याला?”

वनजाक्षी हसली. हसणं परवडत होतं. रडलं की गॉगल धुरकटतो आणि सुई टोचताना शीर सापडत नाही, म्हणून वॉर्डातल्या सगळ्या जणींनी ते सोडूनच दिलं होतं.

“विसावं घर आहे, सिस्टर,” ती म्हणाली. “माझ्याच्याने नाही होत आता.”

सिस्टर म्हणाल्या, “उद्या सांगून टाक. मी शेजारी उभी राहते.”

दुसऱ्या दिवशी बाराला फोन आला. सिस्टरांचा हात घट्ट धरून वनजाक्षी एका दमात बोलली, “आज्जी, मी खोटं बोलले. आजोबा नाहीत. सोमवारी रात्रीच गेले.”

“ठाऊक आहे गं,” आज्जी म्हणाली. “डॉक्टरांनी त्याच रात्री कळवलं. पुतण्या जाऊन लांबून तोंड बघून आला.”

वनजाक्षीने सिस्टरांचा हात सोडला. “मग तुम्ही रोज फोन…”

“पहिल्या दिवशी त्यांचं घड्याळ मागायला केला होता. पण मी पुढे काही बोलायच्या आत तू त्यांना झोपवून मोकळी झालीस.” आज्जी चक्क हसली. मग तिचा आवाज जरा खाली आला. “तुझा तो आवाज ऐकला आणि कळलं, पोर पार थकलीय. माझ्याजवळ बसायला घरभर माणसं आहेत, तुझ्याजवळ कोण आहे? म्हटलं, या पोरीला सांगवेल तोवर आपण रोज फोन करत राहायचा.”