पायाशी उतरलेली माळ

"माळ पायाशी उतरेपर्यंत बाळ उंबऱ्याबाहेर जाणार नाही," गोरक्ष म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

तेजस्विनीने सासऱ्यांसमोर लंगोट उलगडून धरला. शी पांढुरकी, खडूसारखी. बाळ एकेचाळीस दिवसांचं, तरी डोळे पिवळेच. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, ही साधी कावीळ दिसत नाही, पित्ताची नळी बंद असू शकते. मंगळवारी दाखल करा. तसं असेल तर ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत हवं, नाहीतर लिव्हर जाईल.

"आबा, एकदा बघा तरी."

"मला विशीत कावीळ झाली होती. नांदगावच्या माळेनंच उतरली. डॉक्टर तेव्हाही होतेच की."

तिच्या नवऱ्याने, अमोलने, वडिलांपुढे कधी तोंड उघडलं नव्हतं. आजही तो मोबाइलच बघत राहिला. त्यात सासूबाईंनी, नवसाबाईंनी, वरताण केली. म्हणाल्या, माळ मीच आणते, उद्या पहिल्या गाडीनं जाते.

एका आईने तरी समजून घ्यायचं होतं, तेजस्विनीला वाटलं.

सोमवारी सहाला गेलेल्या नवसाबाई नऊला परत आल्या. काखेत नेहमीची फुलांची टोपली. पंचवटीत देवळापाशी त्या हार विकायच्या. बारीक काड्यांची इवलीशी माळ त्यांनी बाळाच्या डोक्यावर ठेवली. वाढत वाढत ती पायाशी आली की कावीळ उतरली, असा हिशेब. हिला कुणी बोट लावायचं नाही, त्यांनी सुनेला बजावलं आणि दिवसभर पाळण्याशी हार ओवत बसल्या. मध्येच म्हणाल्या, मंगळवार उद्याच ना. टोमणे ऐकायला तेजस्विनीला वेळ नव्हता. ती बॅग भरत होती.

सकाळी तिने बॅग खांद्याला लावली.

"माळ उतरली?" गोरक्ष दारात उभे होते.

"नसेल उतरली. मी चाललेय, आबा. पोर माझं आहे. अडवायचं तर हात धरून अडवा."

गोरक्ष हलले नाहीत. तीही नाही.

तेवढ्यात नवसाबाई बाळाला घेऊन आल्या. माळ चांगली हातभर लांब झाली होती आणि बाळाच्या पावलांवर लोळत होती. गोरक्षांनी हात जोडले. गुण आला म्हणाले, आता दवाखान्यात न्या नाहीतर देवळात. आणि बाजूला झाले.

रिक्षा पुलावर आली तेव्हा शेजारी बाळाला घेऊन बसलेल्या सासूबाईंकडे बघून तेजस्विनीला राहवलं नाही. "झालं ना आई तुमच्या मनासारखं? उद्या बाळाला डॉक्टरांनी वाचवलं तरी नाव नांदगावच्या माळेचंच होणार."

नवसाबाईंनी बाळाच्या पायावरून माळ उचलली, दोऱ्याचं टोक ओढलं. सगळ्या गाठी सरसर सुटल्या आणि काड्या ओटीत पडल्या.

"शेवंतीचे देठ आहेत, पोरी," त्या म्हणाल्या. "नांदगावला गेलंय कोण?"