श्रमदान

बायकोच्या वर्षश्राद्धाला नाडकर्ण्यांनी कॅनडातल्या वॉटर्लूच्या मराठी मंडळाची माणसं जमवून श्रमदान केलं. शेतघरामागच्या ओढ्यात आडवे पडलेले ओंडके उपसून काठावर रचले. “नलिनीचा लाडका ओढा मोकळा झाला,” ते म्हणाले. संध्याकाळी पलीकडच्या आदिवासींच्या राखीव वस्तीतली म्हातारी लोरेटा आली, ढीग बघून मटकन खाली बसली. “हे मुद्दाम टाकले होते. इकडचे शेतकरी, तिकडचे आम्ही, सगळ्यांनी मिळून. त्यांच्याच आडोशाला ट्राउट मासे परतले होते.” नाडकर्णी ओशाळले. “मला कुणी सांगितलंच नाही.” “नलिनीनेसुद्धा?” लोरेटाने एका ओंडक्यावरचा चिखल पुसला. चिखलाखाली निळी दोरी निघाली, नाडकर्ण्यांच्या बेसमेंटमधली. ती हरवली म्हणून नाडकर्णी नलिनीवर किती डाफरले होते! “हा तिने बांधलाय. दर शनिवारी यायची.” शनिवारी नलिनी वॉकला जाते, एवढंच त्यांना ठाऊक. ओंडका उचलून नाडकर्णी बुटांसकट गार पाण्यात उतरले. “नेमका कुठे होता?”