रावणाचे हात

वेलायुधन आशान कथकलीत रावण करत, चात्तू मारार चेंडा हा ढोल बडवत आणि मी मागे उभा राहून गात असे. माझं पद संपलं, की रावण नुसत्या हातांच्या मुद्रांनी कैलास उचलायचा आणि चेंडा त्याला क्षणभरही सोडायचा नाही. देवळांच्या उत्सवात माणसं तेवढ्यासाठीच बसून राहत. माझं गाणं कुणाच्या लक्षातही नसे!

परवा आशान आत्मचरित्राची वही घेऊन मारारच्या ओसरीवर आले. छापण्याआधी त्याला दाखवायला हवं होतं. एक पान त्यांनी मान खाली घालूनच पुढे केलं.

'शेवटची दहा वर्षं मला रंगमंचावर काही म्हणजे काही आठवत नसे. चात्तूचा चेंडा ऐकायचो आणि तो नेईल तसे हात हलवायचो. टाळ्या खरं तर त्याच्या.'

मारारने ते दोनदा वाचलं आणि चहाचा पेला खाली ठेवला.

"अरे शहाण्या, तेव्हाच बोलायला काय झालं होतं?" तो ओरडला.


"ती दहा वर्षं मला एकही ठोका ऐकू येत नव्हता. मी तुझे हात बघून वाजवत होतो!"