घळीतली माशी

जाळीवाल्यांची बायको आली तेव्हा बाई माशीच्या पंखाचं चित्र काढत होत्या. तिला दारात पाहून त्यांची पेन्सिल कागदावर तशीच थांबली. जाळीवाले घळीत पडून गेले, त्याला अजून तीन आठवडेही झाले नव्हते.

"या वहिनी," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरचे कागद उचलले.

वहिनी बसल्या नाहीत. रुमालात गुंडाळलेली करंगळीएवढी बाटली त्यांनी टेबलावर ठेवली.

"दवाखान्यातून ह्यांचे कपडे मिळाले होते. हात लावायचा धीर होत नव्हता. काल धुवायला काढले, तर सदऱ्याच्या खिशात ही. एवढ्या उंचावरून पडले, पण हिला साधा तडा नाही."

बाटलीतल्या स्पिरिटमध्ये तिळाएवढी माशी तरंगत होती.

वीस वर्षं जाळीवाल्यांनी कीटक पकडून आणले आणि बाईंनी त्यांची वर्णनं लिहिली. घळीतल्या ओल्या शेवाळावर त्यांना सापडलेली एक माशी जगात कुणाच्याच नोंदीत नव्हती. पण हाती लागला तो एकच नर. एका नरावरही वर्णन छापता आलं असतं. बाईंना मात्र काम अर्धवट नको होतं. "मादी आणा, मग बघू," त्या म्हणाल्या. खडक निसरडा झालाय, आठ दिवस थांबू, असं जाळीवाले सांगू लागले, तेव्हा त्या हसल्या होत्या. "तुम्हीसुद्धा म्हातारे झालात की!"

दुसऱ्याच दिवशी ते घळीत उतरले.

"हीच ना ती मादी?" वहिनींनी विचारलं. "निघताना म्हणत होते, तिला घेतल्याशिवाय बाईंना तोंड दाखवणार नाही."

बाईंनी चिमट्याने माशी काचपट्टीवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मादीच होती. पण घळीतल्या नरासारखा पंखावर काळा ठिपका नव्हता, आणि पायांवर पिवळे पट्टे होते. कुठल्याही ओढ्याकाठी मिळणारी साधी माशी. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात. तळमजल्यावरच्या कपाटात असल्या दोनशे पडून होत्या.

बाईंनी बराच वेळ डोळा वर केला नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "हीच."

वहिनी आता कुठे खुर्चीत टेकल्या. मग वाकून त्यांनीही पाहिलं.

"केवढीशी आहे हो! हातचं सोडून पळत्याच्या मागे लागायची सवयच होती ह्यांना." त्यांनी डोळे पुसले. "पण मिळवली शेवटी. छापून आलं की मला एक प्रत द्या. मुलगी वाचून दाखवेल. तिला कळतं सगळं."

बाईंनी मान हलवली.

दाराशी जाऊन वहिनी वळल्या. "बाई, मग आता त्या घळीत परत कुणाला जावं लागणार नाही ना?"

"नाही. आता कुणालाच नाही."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली, तशी बाईंनी फोन उचलला. जाळीवाल्यांच्या जागी नेमलेला माणूस सोमवारी निघणार होता.

"घळीत जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"अहो, दोर आणलाय मी. सगळी तयारी झाली आहे. मादी मिळाली का?"

"नाही."

"मग वर्णन पुरं कसं होणार?"

बाईंनी फोन ठेवला. बाटलीतून घेतलेली माशी पुन्हा बाटलीत सोडली, बूच घट्ट लावलं. मग कागद पुढे ओढून त्यांनी नराच्या वर्णनाखाली लिहिलं : मादी अज्ञात.