ताउनोच्या थडग्यावरची दुसरी मेणबत्ती

"आई, यंदा तू गाडीतच बस. मी लावून येतो मेणबत्ती," यार्मो म्हणाला.

"पाय मोडला आहे माझा, नवऱ्याचे थडगे नाही मोडले." आलीसाबाईंनी कुबडी सरसावली.

नाताळच्या आदल्या दिवसाची दुपार. तीन वाजताच अंधारून आले होते. फिनलंडमधल्या कुओपिओच्या दफनभूमीकडे घरोघरची माणसे आपापल्या मृतांसाठी मेणबत्त्या घेऊन निघाली होती.

ताउनो केर्विनेन हयातभर सॅक्सोफोन वाजवीत राहिले. तळ्याकाठच्या नाचघरांत लोक टँगोसाठी ओरडत. ते टँगो वाजवून संसार चालवीत आणि उरल्या वेळात आपले जाझ लिहीत. नव्वद रचना, एकच तबकडी, तीनशे प्रती. आता रेडिओलाही त्यांचे नाव आठवत नव्हते.

तरी अकरा वर्षे, घरचे पोचण्यापूर्वीच, त्यांच्या थडग्यावर एक मेणबत्ती तेवत असे. "कोण असेल गं?" यार्मो दर वर्षी विचारी. "मला काय ठाऊक!" आलीसाबाई दर वर्षी म्हणत.

"बाबांचा तो चाहता भेटला, तर माळ्यावरच्या पेट्या त्याच्याच गळ्यात घालतो," यार्मो हसला. "त्यातली ती संगीताची बाडं उंदीर तेवढे वाचतात."

"ऐकणारा एक जरी उरला, तरी पेट्या हलणार नाहीत. शब्द दिला आहेस."

"दिलाय. पण ज्या वर्षी मेणबत्ती नसेल, त्या वर्षी रद्दीत. हे तूच म्हणाली होतीस."

आलीसाबाईंची चाल मंदावली. दर वर्षी या दिवशी सकाळी त्या एकट्याच बसने मासे आणायला जात. परतायला मात्र फार उशीर लागे. यंदा मासे शेजारणीने आणून दिले होते. सहा आठवडे त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"परत जाऊ या. पाय ठणकतो आहे."

"आता? दहा पावलं राहिली, आई."

बर्फावरून कुबडी घसरली. यार्मोने त्यांचा दंड धरला. झाडाआडून वळताच तो थबकला.

थडग्यावर मेणबत्ती तेवत होती. शेजारी, बर्फात खोचलेली, सॅक्सोफोनच्या मुखाला लावायची वेताची पातळ पट्टी. कुणाच्या तरी ओठांनी झिजलेली.

यार्मोने टोपी काढली. "राहू देत पेट्या," तो हळूच म्हणाला. "पण आई, कोण असेल गं?"

"मला काय ठाऊक," आलीसाबाई म्हणाल्या; आणि अकरा वर्षांत प्रथमच त्या खरे बोलत होत्या.