गिरणीतला होकार

"खिल्लारेताई, तुमच्या मतांच्या यादीवर अंगठा टेकवा म्हणजे मी सुटलो!" आपला ज्वारीचा डबा रांगेत ठेवून जनमत खात्याचे देवकते गिरणीच्या घरघराटात ओरडले.

प्रमिलाताईंनी पिठाचे हात झटकून त्यांच्या हातातल्या पडद्यावर पाहिलं. राज्यातलं मतदान बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. आता प्रत्येकाचा फोन त्याचं दिवसभराचं बोलणं ऐके आणि त्यावरून सरकारी यंत्र त्याचं मत परस्पर नोंदवी. प्रमिला खिल्लारे यांनी म्हणे सगळ्यालाच होकार दिला होता. दवाखाना हलवायला हो, मुलींची शाळा मोडायलाही हो.

"हे मी कधी म्हटलं?"

"दिवसाला चारशे वेळा हो म्हणता, ताई. यंत्र खोटं कशाला बोलेल?"

आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फोन चक्कीशेजारीच खिळ्याला टांगलेला असे. त्या आवाजात गिऱ्हाईक काय सांगतंय ते कळत नसे, म्हणून बारीक म्हणा की जाड, त्या आपल्या हो हो करत.

त्यांनी खटका खाली ओढला. पट्टा थांबला आणि गिरणी गप्प झाली.

"नाही," त्या फोनला ठणकावून म्हणाल्या. "शाळा मोडायची नाही."

"अकरा वर्षांच्या होकारापुढे तुमचा एक नकार काय टिकणार?"

"एकच कशाला? आजपासून दळणाआधी प्रत्येकानं आपल्या फोनला मनातलं सांगायचं. तोवर खटका वर जाणार नाही." त्यांनी रांगेतला पहिला डबा पुढे ओढला. "हा तुमचाच ना, देवकते? बोला. तुमची लेक कुठल्या शाळेत जाते?"